थंडीचा उंबरा आणि यमुनाबाईंचा सांधा

श्री. ज्यास रूप नाहीं, रंग नाहीं, वजन आहे म्हटलें तरी कोणास खरें वाटत नाहीं आणि ज्यावांचून राजाचें किंवा रंकाचें घटकाभर चालत नाहीं, त्या वायूस प्रथम नमन. शके अठराशें एकुणऐंशीं, हेमलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, तेथपासोनचें हें वर्तमान. हुजूरची आज्ञा जाहली कीं, माळावरील फुग्यांच्या कारखान्याचें आणि त्र्यंबकपंत पोंक्षे यांचे कारकीर्दीचें जैसें घडलें तैसें लिहावें, गौरवग्रंथांत लिहिलें आहे तैसें लिहूं नये. आतां तो गौरवग्रंथ या सेवकानेंच लिहिला होता, म्हणोन आज्ञा ऐकतांच तोंड लपवावयास जागा राहिली नाहीं. तरी आज्ञा शिरसावंद्य. राज्याचें नांव लिहावयाची परवानगी नाहीं. राजे ते खासे महाराज आणि दिवाण ते दिवाण, इतुक्यावर वाचणारांनीं समजोन घ्यावें.

त्र्यंबकपंत पोंक्षे मूळचे हुशार, अंगानें काटक, बोलणें तोडून टाकल्यासारखें आणि मान सदा वर. रस्त्यानें चालतां पाय खड्ड्यांत पडे परंतु आकाशावरची नजर निघत नसे. समुद्रापार जाऊन सात वर्षें आकाशाची विद्या शिकोन आले आणि दरबारीं रुजू जाहले आणि पहिलेच दिवशीं अर्ज केला कीं, "महाराज, मला एक माळ द्या, चाळीस माणसें द्या आणि दहा वर्षें कांहीं विचारूं नका." दरबारांत हंशा पिकला. महाराज मनाचे उमदे, त्यांनीं विचारलें, "पंत, ऊन, वारा, पाऊस आम्ही गच्चीवरून रोज पाहातों. त्यासाठीं आणिक वर जाऊन काय पाहावयाचें?" पंत म्हणाले, "महाराज, आपण पाहातां तें आकाशाचें जोतें. माड्या वर आहेत." मग पंतांनीं भर दरबारांत समजाविलें कीं, जमिनीपासोन जों जों वर जावें तों तों थंडी वाढत जाते, आणि साडेपांच कोसांवर थंडीची शिकस्त होते, आणि नवल ऐसें कीं त्याचे वर गेलें म्हणजे पुन्हां ऊब लागते. त्या शिकस्तीच्या जागेस पंत थंडीचा उंबरा म्हणत. आणि लोकांस वाटतें कीं बर्फाळ मुलुखाचें आकाश अधिक गार, परंतु गोष्ट उलटी, आपल्या उन्हाच्या मुलुखावरचाच उंबरा अधिक गार, पाणी गोठतें त्याहून ऐशी अंश खालीं. परदेशचे लोकांचे फुगे त्यांचे देशीं बिनघोर चढतात आणि आपले मुलुखांत आणिले कीं त्या उंबऱ्यावर पापडासारखे तडकतात. "जो तो उंबरा ओलांडील," पंत म्हणाले, "त्यास वरचे वारे कोणीकडे वाहातात, कधीं फिरतात, सूर्याचा ताप कोठें अडतो, ताऱ्यांकडून कोणते कण येतात, हें सगळें कळेल. आणि तें आपण पाहावें, दुसऱ्यानें पाहून आपणांस सांगूं नये." महाराज बहुत खूष जाहले आणि राजधानीपासोन नऊ कोसांवरचा उजाड माळ लिहोन दिला.

मग माळावर कारखाना उभा राहिला, आणि दोनशें हात लांबीची पडवी बांधिली, आणि तींत तितकेंच लांब मेज मांडिलें. फुगा म्हणजे जत्रेंतला नव्हे. पलास्तिकचा कागद, इतका पातळ कीं त्याआडून पोथी वाचावी, त्याच्या खरबुजाच्या फोडीसारख्या लांब पट्ट्या कापावयाच्या आणि काठास काठ ठेवून तापल्या इस्त्रीनें सांधावयाच्या, आणि ऐशा बहात्तर पट्ट्या जोडल्या म्हणजे एक फुगा, आणि तो फुगला म्हणजे त्यांत महाराजांचा वाडा गच्चीसकट मावावा. नखाचा एक ओरखडा पुरे, सगळी मेहनत मातींत. म्हणोन पडवींत येणारानें अंगठी, साखळी, कमरेची किल्ली बाहेर ठेवावी, नखें रोज कापावीं आणि पायांत मऊ मोजे घालावे ऐसा दंडक केला. येथें पहिला घोटाळा जाहला. हें काम बायकांच्या हलक्या हातांचें, आणि गांवच्या सवाष्ण बायका बांगड्या उतरावयास तयार होईनात. "नवरा धडधाकट असताना हात उघडे करू? तेही तुमच्या फुग्यासाठी? चला, व्हा पुढे!" म्हणोन त्यांनीं पंतांस दारांतूनच वाटेस लाविलें. पंत समुद्रापारची विद्या शिकोन आले खरे, परंतु ही विद्या तेथें कोणी शिकविली नव्हती. मग निरुपायानें विधवा बायका कामास घेतल्या, सतरा जणी, आणि राजधानीच्या शिंपीआळींतल्या यमुनाबाई खांडके, वय बत्तीस, नवरा वारून चार वर्षें जाहलेलीं, त्यांस सगळ्यांवर मुकादम नेमिलें.

यमुनाबाई बोलावयास फटकळ. पहिलेच दिवशीं पंत पडवींत शिरले तों त्यांचे हात पाहून म्हणाल्या, "पंत, तुम्ही बाहेर. आधी नखं कापून या." आणि तें सगळ्या माणसांदेखत. पंत कानापर्यंत लाल जाहले, परंतु गेले आणि नखें कापून आले, आणि त्या दिवसापासोन दोघांचें सूत जमलें. पहिले तीन वर्षांत सव्वीस फुगे सोडिले आणि सव्वीसहि उंबऱ्यावर फुटले. दर खेपेस सांधाच तुटे. पंत रात्रंदिवस आंकडे मांडीत आणि वाळत चालले. एके दिवशीं यमुनाबाई फुटका तुकडा चाचपीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "पंत, चोळीला अस्तर ताणून लावलं की धुतल्यावर चोळी आखडते आणि शिवण फाटते. आपण पट्ट्या ताणून जोडतो. थंडीत हा कागद आकसतो म्हणता, मग त्याला आकसायला जागा नको का ठेवायला?" पंत म्हणाले, "यमुनाबाई, सात वर्षें मी काय शिकलों कोण जाणे." मग यमुनाबाईंनीं नवी रीत बसविली, कागद अंमळ सैल ठेवावा, काठावर त्याच कागदाची बोटभर फीत घालावी, आणि इस्त्री थेट न लावतां कापडाच्या घडीवरून फिरवावी. आणि सांधा पुरा जाहला म्हणजे त्या डोळे मिटून तो मनगटाच्या आंतल्या बाजूवरून हळूहळू सोडीत जात, आणि जेथें किंचित् खुपे तेथें खडूनें खूण करीत आणि पुन्हां करवीत. हा सांधा पंतांनीं गारठ्याच्या पेटींत घालून पाहिला, तो टिकला. पंतांस हर्ष मावेना. म्हणाले, "हा फुगा वर गेला तर त्यावर तुमचें नांव लिहितों." यमुनाबाई म्हणाल्या, "नको बाई, शाईनं कागद खराब होईल. सांधा टिकला की शिंपीआळीत सगळ्यांना कळतंच कुणाचा ते. मला तेवढं बास." 

शके अठराशें त्र्याऐंशीं, प्लव नाम संवत्सर, पौष मास. मोठा फुगा सिद्ध जाहला आणि महाराजांनीं चार देशींचे वकील पाहावयास बोलाविले, आणि माळावर राहुट्या पडल्या, आणि दिवाणांनीं हुकूम पाठविला कीं राज्याचें प्रस्थान आहे, विधवा बायकांनीं पडवीमागें राहावें, समोर येऊं नये. यमुनाबाई म्हणाल्या, "आम्ही केलेला फुगा आणि आम्हीच बघायचा नाही होय?" पंतांनीं कागदांत डोकें घातलें. फुगा सोडावयाचा तो पहाट फुटतां, वारा पडलेला असतां. त्याप्रमाणें जाजमावर फुगा दोरासारखा घड्या घालून पसरला, आणि शेंड्याकडच्या भागांत हैद्रोजन वायु भरला, आणि राहिलेला भाग लांकडी रुळाखालीं दाबून धरिला, कीं रूळ उचलतांच फुगा सुटावा. तों राजपुरोहित वासुदेवभट तबक घेऊन पुढें आले आणि म्हणाले, "अक्षतेवांचून या राज्याचें कांहींएक हाललें नाहीं, आज हालणार नाहीं." हें ऐकतांच पडवीमागून यमुनाबाई धांवत आल्या, वकिलांच्या मधून, भालदारांच्या मधून, आणि पंतांसमोर उभ्या राहोन म्हणाल्या, "पंत, तांदूळ नको! फुलं टाका, पाणी शिंपडा, हवं तर मला शिव्या द्या, पण तांदूळ नको. दाणा रुळाखाली गेला तर घडीघडीत टोचेल." वासुदेवभटांचा चेहरा उतरला. दिवाण गरजले, "हिला समोर कोणीं येऊं दिलें?" आणि महाराजांनीं पंतांकडे पाहिलें. अहो, तेथें एक शब्द बोलावयाचा होता! पंतांस ठाऊक होतें कीं बाई खरें बोलते. परंतु समोर महाराज, चार देशींचे वकील, शुभ मुहूर्त, आणि दहा वर्षें मागितलेलीं त्यांतलीं चार सरलेलीं. पंत हंसून म्हणाले, "हलक्या हातानें टाकावें. चार दाण्यांनीं काय होणार?" मग महाराजांनीं टाकिल्या, दिवाणांनीं टाकिल्या, आणि वकिलांस ही रीत फार आवडली म्हणोन त्यांनीं ओंजळी भरभरून टाकिल्या, आणि शेवटीं भटजींनीं पंतांच्या हातीं चिमूट दिली आणि पंतांनींहि टाकिली. मग रूळ फिरला आणि फुगा सुटला.

काय तो फुगा चढला! पाहाणारांचे डोळ्यांचें पारणें फिटलें. एक कोस, दोन कोस, तीन कोस, आणि खालून सूर्य उगवत होता तों वर फुगा आधींच उन्हांत न्हाला आणि दिवसाच्या चांदणीसारखा लकाकूं लागला. बिनतारी यंत्रावर थंडीचे आंकडे येत होते, वजा साठ, वजा सत्तर, वजा पंचाहत्तर, आणि पंत मोठ्यानें वाचून दाखवीत होते. साडेपांच कोस जाहले आणि आंकडे थांबले. दुर्बिणींतून पाहातां एका चांदणीच्या दोन जाहल्या, मग तीन, आणि मग चिंध्या होऊन वाऱ्यावर पूर्वेकडे गेल्या. वकिलांस वाटलें कीं ऐसाच कार्यक्रम असेल, म्हणोन त्यांनीं टाळ्या वाजविल्या. महाराजांचे तोंडचें पाणी पळालें. सगळा माळ वर पाहात होता आणि यमुनाबाई गुडघे टेकून जाजमावरचे रुळाखालीं चिरडलेले दाणे वेंचीत होत्या.

त्याच दिवशीं दुपारीं राहुटींत चौकशी बसली. दिवाणांनीं विचारिलें, "पंत, दोष कोणाचा? एका शब्दांत सांगा." पंतांचे मनांत काय आलें तें त्यांनींच पुढें बोलोन दाखविलें म्हणोन लिहितों. अक्षतांचा दोष म्हणावें तर तो महाराजांच्या हाताचा आणि राजपुरोहितांचा होतो, कारखान्यास उद्यां टाळें लागतें. स्वतःचा म्हणावें तर स्वतःची उचलबांगडी होते, आणि उंबरा राहतो तेथेंच राहतो. राहतां राहिली एक बाई. पंत म्हणाले, "सांधा उसवला." इतकेंच दोन शब्द. यमुनाबाई दारांत उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "सांधा? फुगा कुठं पडलाय तो आणा आणि सांधे बघा. एक जरी उसवलेला निघाला तर हे हात तोडा माझे." दिवाण म्हणाले, "पन्नास कोसांवर चिंध्या वेंचावयास कोण जातो? शिवाय शुभकार्यांत आडवी आलीस तें निराळेंच." यमुनाबाईंनीं पंतांकडे पाहिलें. पंत दौतीकडे पाहात होते. मग बाईंनीं पायांतले मोजे काढिले, घडी करून मेजावर ठेविले, "बरं" म्हणाल्या आणि चालत्या जाहल्या. राजधानींत ही वार्ता त्यांच्याआधीं पोंचली. शिंपिणीचा सांधा उसवला आणि राज्याची शोभा जाहली, ऐसें ज्याचे त्याचे तोंडीं जाहलें, आणि त्या दिवसापासोन त्यांच्याकडे कोणी खण टाकीना.

पंधरा दिवसांनीं पूर्वेकडच्या एका गांवचे पाटलांची बैलगाडी माळावर आली, तींत फुग्याचें कलेवर. पाटलांनीं तें कडब्याच्या गंजीवर झांकण घातलें होतें. पंतांनीं तें पडवींत घेतलें, दारें लाविलीं आणि दुपारभर एकटे बसोन सगळे सांधे मनगटावरून सोडीत पाहिले. बहात्तरहि सांधे धड. फाटलें होतें तें दोन सांध्यांमधल्या कागदांत, जेथें ओळीनें छिद्रें होतीं, सारख्या अंतरावर, जैसा एकच दाणा घडीघडींतून टोचत गेला, आणि एका घडींत हळदीचा पिवळा दाणा अजून चिकटून बसला होता.  मग पंतांनीं तें कलेवर कारखान्यामागें नेऊन जाळविलें. मनाशीं शपथ घेतली कीं, एक फुगा उंबरा ओलांडूं दे, मग मी आपल्या तोंडानें सगळें सांगतों आणि बाईंस मानानें परत आणितों.

आणि पुढले सालीं, शुभकृत् नाम संवत्सरीं, माघ मासीं, फुगा उंबरा ओलांडून गेला. यमुनाबाईंचेच रीतीनें जोडलेला, तीच फीत, तीच कापडाची घडी. अकरा कोस चढला आणि पांच घटका तेथें ठरला. आणि अक्षतांचें काय केलें म्हणाल, तर पंतांनीं महाराजांस गोड शब्दांत सांगितलें कीं आकाश देवाचेंच घर, अक्षता देव्हाऱ्यांत टाकाव्या म्हणजे वर पोंचतात. महाराज म्हणाले, "वा पंत, हें छान!" आणि वासुदेवभटहि संतोषले. हाय हाय, हीच युक्ति एक वर्ष आधीं सुचती तर! तो दिवस बोलावयाचा होता, परंतु महाराज पंतांस मिठी मारून रडत होते, अशा वेळीं काय बोलावें. उद्यां बोलूं म्हणाले. उद्यां पदवी मिळाली. मग वरचे वारे वर्षाआड उलटे फिरतात तें पंतांनीं पहिल्यानें मोजिलें, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास ज्वालामुखी फुटला त्याची धूळ आपल्या डोक्यावर सात कोसांवर आहे हें दाखविलें, आणि परदेशचे विद्वान आपले फुगे घेऊन या माळावर येऊं लागले आणि "पंतांचा सांधा" म्हणोन तो सांधा पाहूं लागले. पंतांनीं एक-दोन वेळां बोलावयास तोंड उघडिलें आणि मिटिलें. आधीं महाराजांचें दुखणें होतें, मग नवा कारखाना व्हावयाचा होता, मग दिवाण बदलले आणि नव्यांस जुनी गोष्ट कशास सांगावी. ऐसें करितां करितां बावीस वर्षें गेलीं. यमुनाबाईंचें घर कारखान्यापासोन नऊ कोस, राजवाड्यापासोन तीन गल्ल्या. पंत राजवाड्यास जातांना लांबच्या रस्त्यानें जात.

शके एकोणीसशें सहा, रक्ताक्षी नाम संवत्सर. पंतांचा सत्तरीचा सत्कार ठरला आणि गौरवग्रंथ लिहावयाचें काम या सेवकाकडे आलें. सेवकानें पहिलें प्रकरण वाचून दाखविलें, त्यांत ओळ होती कीं, पहिला महाफुगा सांधणारणीच्या हयगयीमुळें पडला. पंत म्हणाले, "पुन्हां वाच." पुन्हां वाचिली. तेव्हां म्हणाले, "मोटार बोलाव." आणि शिंपीआळींत गेले, सेवक बरोबर. यमुनाबाई ओसरीवर यंत्र घेऊन बाजाराच्या पिशव्या शिवीत होत्या. चोळ्या-झबल्यांचें काम त्यांस पुन्हां मिळालेंच नाहीं, पिशव्या आणि गोधड्या शिवोन दिवस काढिले. केस पांढरे, आवाज तोच. वर पाहिलें आणि म्हणाल्या, "पंत का? या, बसा. चहा टाकू?" पंत बसले नाहींत. म्हणाले, "यमुनाबाई, सांधा उसवला नव्हता."

"ठाऊक आहे," यमुनाबाई म्हणाल्या आणि दोरा तोडला.

पंत म्हणाले, "तुम्हांस काय ठाऊक? मी तो फुगा पाहिला. जाळला मी तो."

"जाळला होय?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं ठेवला असेल कुठं तरी. अहो, तो फुगा मीच धाडला होता तुमच्याकडे. ज्या दिवशी मला घालवलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पूर्वेकडच्या मोटारीत बसले. गावोगाव विचारत गेले. नऊ दिवस लागले. पाटलाच्या गंजीवर चढून एकेक सांधा बघितला, दाण्याचं भोकही बघितलं. मी बोलले असते तर कुणी मानलं नसतं, तुमचा एक शब्द पुरे होता. म्हणून पाटलाला हातापाया पडून गाडी तुमच्याकडे धाडायला लावली. वाटलं, पंत बघतील, मनगटावरून सोडतील, आणि संध्याकाळी मला न्यायला माणूस येईल. धुतलेलं लुगडं नेसून बसले होते मी. त्या दिवशी नाही, तर म्हटलं उद्या. वर्षभर बसत होते. फुगा वर गेल्याचं ऐकलं तेव्हा म्हटलं आता तर येणारच. मग सोडून दिलं. पिशव्यांचं काम होतं."

पंत ओसरीच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "मला क्षमा करा." यमुनाबाईंनीं त्यांस रडूं दिलें. मग म्हणाल्या, "क्षमा मागून माझं काय होतं, पंत? माझ्याकडे कशाला आलात? मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांगा."

मग सत्काराचा दिवस आला. थोरले महाराज कैलासवासी जाहले होते, धाकटे गादीवर होते, आणि दरबारांत वर्षापलीकडचें आठवणारा एकहि मनुष्य उरला नव्हता. शाल पांघरली, श्रीफळ दिलें, आणि पंत बोलावयास उठले. त्यांनीं कांहींएक राखलें नाहीं. बाईंनीं हटकलें होतें तें सांगितलें, आपल्या हातानें अक्षता टाकिल्या तें सांगितलें, खोटें बोललों आणि पुरावा जाळला तेंहि सांगितलें, आणि म्हणाले कीं, "पंतांचा सांधा म्हणतां तो यमुनाबाई खांडके यांचा. मी त्यांचा सांधा घेतला आणि त्यांचें नांव घालविलें."  सेवकाच्या अंगावर काटा आला कीं आतां काय होतें. तों धाकट्या महाराजांनीं डोळे पुसले आणि म्हणाले, "पाहा! याला म्हणतात विनय. एवढी कीर्ति, आणि एका शिंपिणीच्या पायाशीं ठेवली!" आणि दरबार टाळ्यांनीं दणाणून गेला. पंत ओरडले, "विनय नव्हे! मी खोटें बोललों म्हणोन सांगतों!" तों टाळ्या आणिक वाढल्या आणि माणसें उठोन उभीं राहिलीं. दिवाणांनीं सेवकास खूण केली आणि कानांत म्हणाले, "लिहा, याप्रसंगीं पंतांनीं आपल्या हाताखालच्या लहान माणसांचीहि मोठ्या मनानें आठवण काढली." आणि सेवकानें तें लिहिलें. गौरवग्रंथाचें शेवटलें पान तें हेंच, आणि त्यांत यमुनाबाईंचें नांवहि नाहीं. लाज वाटते, दुसरें काय.

दुसरे दिवशीं पंत काठी टेकीत माळावर गेले. म्हणाले, दरबार ऐकत नाहीं तर जेथें सांधा होतो तेथें तरी सांगूं. पडवींत आतां चाळीस मुली, बांगड्यांवर मऊ कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पंतांनीं मेजापाशीं उभें राहोन सगळी हकीकत सांगितली. आवाज खोल गेलेला, परंतु जवळच्या मुलींनीं इस्त्र्या खालीं ठेविल्या आणि मनापासोन ऐकिलें. एकीचे डोळे भरले. तिनें विचारिलें, "पंत, म्हणजे 'यमुनी' म्हणतो आपण, ते या बाईंचं नाव?" पंत म्हणाले, "यमुनी? तें काय?" मुलींनीं एकमेकींकडे पाहिलें. मुकादमीण ओशाळून म्हणाली, "कच्च्या सांध्याला यमुनी म्हणतात, पंत. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तेच शिकवतात इथं, की सांधा यमुनी होऊ द्यायचा नाही. आम्हाला वाटलं, नदीचं नाव असेल."  पंत म्हणाले, "आजपासोन तो शब्द बोलूं नये." सगळ्या "हो पंत" म्हणाल्या आणि तें खरेंच मनापासोन म्हणाल्या. पंत दाराकडे वळले. मेज दोनशें हात लांब, त्याच्या पार दुसऱ्या टोंकास पंतांचा आवाज पोंचला नव्हता. तेथून एक मुलगी दुसरीस हांक मारून म्हणाली, "अगं, यमुनी झालाय तो, परत कर." 

येणेंप्रमाणें कारकीर्द जाहली. पंतांनीं एकंदर चारशें सहा फुगे उंबऱ्यापार नेले, वाऱ्यांचे नकाशे केले, आणि सत्काराच्या पुढले सालीं, क्रोधन संवत्सरीं, वारले. यमुनाबाई त्यापुढें एक वर्ष होत्या. गौरवग्रंथ छापून जाहल्यामुळें त्यांत दुरुस्ती जाहली नाहीं. माळावर सांधा अद्याप त्यांचेच रीतीनें करितात, आणि बिघडला म्हणजे अद्याप त्यांचेंच नांव घेतात. हें जाणून असावें, आणि सेवकानें लेखणी येथें खालीं ठेविली.